तिकडचं टोक धरा

अंगणात सागवानाची फळी आडवी पडली आणि तिच्याशेजारी रंधा दिसला, की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावात त्या घरावरून कोणी सरळ पुढे जात नाही. माणूस थांबतो, उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो, फळीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पाहतो आणि म्हणतो, "बाक हाय." मग उठून चालू लागतो. बाक आहे हे सांगायला सुतारकाम यावं लागत नाही, एक डोळा मिटता आला की पुरे. तो बाक काढायचा कसा, हे विचारायला थांबवावं तर त्याची आर्वीची गाडी लागलेली असते.

या तज्ज्ञांत प्रतवारी आहे. ज्याने स्वतःच्या घराचं बांधकाम उभं राहून पाहिलं, तो सगळ्यात खालचा. ज्याच्या भावाची कधीकाळी आरामशीन होती, तो जरा वरचा. आणि सगळ्यात वर संत्र्याचा बागवाला. दरसाल फळांनी लवलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले असल्यामुळे कुठल्याही वजनाला कुठून आधार द्यायचा, हा विषय त्याच्या दृष्टीने संपलेला असतो. आमच्या मयालीकडे, म्हणजे छपराच्या तुळईकडे, पाहून अशाच एका बागवाल्याने "येथं एक बांबू देऊन द्या" असा सल्ला दिला होता. 'येथं' म्हणजे आमच्या देवघराच्या दारात, बरोबर मधोमध.

आमचं घर जुनं, कवेलूंचं, म्हणजे कौलारू. आडं, मयाल, फाटे सगळं सागाचं. त्यातल्या काही फाट्यांना वाळवीने आतून पोकळ करून बाहेरून तसंच ठेवलं होतं. वाळवीचं हे कसब मानलं पाहिजे. रंगाला धक्का नाही, बोट लावलं की बोट आत. म्हणून मे महिन्यात, कवेलू फेरायच्या आधी, मिस्त्रींना बोलावलं. मी निवृत्त. गणित शिकवायचो, त्यामुळे आता मला कोणी काही विचारत नाही. मनात म्हटलं, माणूस घरी येतोच आहे, तर हे काम शिकून घेऊ. चौकट, खांब, फाटा, कैची, एवढं तरी घरच्या माणसाला आलं पाहिजे. तसं मिस्त्रींना बोललो. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या खडूवाल्या हातांकडे पाहिलं.

"हाव ना, शिका ना. तिकडचं टोक धरा, सर."

पुढे कळलं, की अभ्यासक्रम एवढाच आहे.

सुतारकामात अर्धी कामं अशी, की त्यांना दुसऱ्या टोकाला एक माणूस लागतो. कापताना फळी झुकू नये म्हणून लागतो, माप घेताना लागतो, मयाल उचलताना तर लागतोच. पूर्वी या जागेवर मिस्त्रीचा भाचा नाहीतर पुतण्या असायचा. तो वर्ष-दोन वर्षं टोक धरून राहायचा आणि एक दिवस त्याच्या हातात पटाशी यायची. आता भाचे पुण्याला कंपनीत आहेत. जागा रिकामी होती. मी रुजू झालो.

पहिलं टोक दोऱ्याचं होतं. लाकडावर लांब सरळ रेघ मारायला पट्टी चालत नाही. गेरूच्या पाण्यात भिजवलेला दोरा दोन्ही खुणांवर ताणून धरायचा, मधे चिमटीत पकडून वर उचलायचा आणि सोडायचा. टप्प. आठ फुटांची लाल रेघ, केसाइतकी बारीक. आता खडूच्या भुकटीची डबी मिळते, तिच्यात दोरा गुंडाळलेला असतो; पण मिस्त्रींचा विश्वास नारळाच्या करवंटीतल्या गेरूवर. वरून हे काम पोरखेळाचं वाटतं. पण दोरा उचलताना सरळ वर उचलावा लागतो. किंचित तिरपा गेला की रेघ मधे पोट काढते. आणि टोकाचा अंगठा खुणेवर असा दाबावा लागतो की दोरा अंगठ्याखाली हलता कामा नये. तीन तास वर्गात उभं राहण्यापेक्षा तो अंगठा अधिक दमतो. मी ताण बरोबर आहे का हे पाहायला मान वाकवली.

"सर, तुमी पाहू नोका. तुमी फक्त धरा."

"पण शिकायचं तर पाहावं लागेल ना?"

"पाहा ना जी. पण धरून पाहा."

दुसरी अडचण बसण्याची. आपल्याकडचा जुना सुतार टेबलावर काम करत नाही. तो जमिनीवर बसतो आणि लाकूड पायात पकडतो. पायाचे दोन अंगठे म्हणजे त्याचा शिकंजा. पटाशी स्वतःच्या तळव्याच्या दिशेने चालते, मोगरीचा ठोका पडतो आणि पटाशी अंगठ्यापासून बोटभर अंतरावर थांबते. ती तिथेच का थांबते, हे मी बराच वेळ पाहत होतो. मला आधी मांडी घालूनच बसता येईना. मग प्लास्टिकची खुर्ची आणली. खुर्चीवर बसलेल्या माणसाला जमिनीवर बसलेला माणूस काही शिकवू शकत नाही, कारण मधे आयुष्यभराची शाळेची सवय उभी राहते: मिस्त्री मला "हाव सर" म्हणू लागले आणि मी त्यांना "लक्षात आलं का?" विचारू लागलो. खुर्ची परत आत गेली.

मापांचं सांगतो. टेपवर एका बाजूला सेंटिमीटर असतात, त्यांचा उपयोग काय हे सुताराच्या राज्यात कोणालाच ठाऊक नाही. इथे फूट, इंच आणि सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. "साडेतीन फूट दोन सूत कमी" हे पूर्ण वाक्य आहे आणि ते ऐकून समोरच्याने कापायचं असतं. दशमान पद्धत भारतात आली त्याला साठ वर्षांहून जास्त झाली. ती आमच्या हायवेने अमरावतीकडे निघून गेली असावी. टेपच्या टोकाला जी लोखंडी आकडी असते, ती थोडी हलते. सायन्स घेतलेल्या शेजारच्या पोराने "काका, ही ढिली झालीय" म्हणत हातोडीने दोन ठोके देऊन ती पक्की केली. मिस्त्रींनी पाहिलं आणि डोक्याला हात लावला. ती आकडी मुद्दामच ढिली असते. तिच्या स्वतःच्या जाडीइतकीच ती मागेपुढे सरकते: बाहेरून अडकवून ओढलं तर पुढे येते, आत भिंतीला टेकवली तर मागे जाते, म्हणून दोन्हीकडून माप बरोबर येतं. पक्की केली की टेप कायमचा खोटं बोलू लागतो. पोराला आणखी बऱ्याच वस्तू पक्क्या करायच्या होत्या. त्याला चहा आणायला पाठवलं.

मग आली चौकट, आणि इथे मी सावरून बसलो. कारण दाराची चौकट म्हणजे आयत, आणि आयतावर मी बत्तीस मार्कांचे पेपर काढलेले. मिस्त्रींनी दोन उभे, एक आडवा आणि खाली उंबरठा असे चार तुकडे मांडले. उभ्याच्या अंगाला खाच, आडव्याच्या टोकाला कुसू. कुसू खाचेत बसला पाहिजे तो मोगरीच्या हलक्या ठोक्याने. हाताने सरकला तर ढिला, जोरात मारावा लागला तर लाकूड फाटणार. चौकट जुळली. आता ती काटकोनात आहे का? मी गुण्या पुढे केला. मिस्त्री म्हणाले, "एवढ्याशा गुण्यानं एवढ्या मोठ्या चौकटीचं काय समजते?" त्यांनी टेप या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लावला, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली की चौकट गुण्यात. कर्ण समान असलेला समांतरभुज चौकोन आयत असतो, हे प्रमेय मी किती पिढ्यांना घोकायला लावलं! खांबाच्या वेळी त्यांनी एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण केली आणि मधलं अंतर पाच फूट येतं का पाहिलं.

"हे पायथागोरस आहे," मी न राहवून म्हणालो.

"कोनाचा?"

"ग्रीसचा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा."

"बाप्पा! मंग तो बी टोकच धरत असन पयले."

वर्ग संपला.

चौकट उभी करायच्या दिवशी मात्र सुताराचा भाव चढतो. आंब्याची पानं, हळदकुंकू, उंबरठ्याखाली नाणं. मुहूर्त भटजीचा, ओळंबा मिस्त्रींचा. दोघांत मतभेद झाला तर ओळंब्याचं ऐकावं, असं माझं मत झालं आहे. मुहूर्त टळला तर एकदाच टळतो. दार ओळंब्यात नसेल तर ते पुढची चाळीस वर्षं आपणहून उघडतं.

कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, कुठेतरी रीतसर शिकायचं होतं. रीतसर जागा आहेत. आयटीआयमध्ये सुताराचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आठवी पास चालतो. मी आठवी पास आहे, प्रश्न तिथे बाकावर माझ्या शेजारी माझा नातू बसेल का एवढाच. दुसरी वाट पीएम विश्वकर्मा योजनेची. 17 सप्टेंबर 2023 ला ती सुरू झाली, अठरा पारंपरिक व्यवसायांना लागू, यादीत सुतार आहेच. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर. पहिला वर्धापन दिन तर आपल्या वर्ध्यातच झाला, 20 सप्टेंबर 2024 ला, पंतप्रधान स्वतः आले होते. पण ही योजना आधीपासून हातानं काम करणाऱ्यांसाठी. म्हणजे ज्याला येतं त्याला मूलभूत शिकवायचं. सरकारी नोकरांना तर त्यात जागाच नाही आणि तसं लिहूनच ठेवलंय. हात बघून नियम केलेला दिसतो.

आमच्या मिस्त्रींच्या नात्यातले एकजण असं प्रशिक्षण घेऊन आले. तीस वर्षं दारं-खिडक्या केलेला माणूस. पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं गेलं की ही करवत आहे. त्यांनी वहीत लिहून घेतलं. "लिहून काहून घेतलं?" मी विचारलं. "वही फुकट भेटली होती," म्हणाले. प्रमाणपत्र आलं, तेव्हा त्याला सागाची फ्रेम त्यांनी स्वतः केली, कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून, सांधा नखाला लागू नये इतका बारीक. ती फ्रेम पाहिली असती तर प्रशिक्षकांनीच त्यांच्याकडून प्रमाणपत्र घेतलं असतं.

खरं तर हाताचं काम शिकवण्याच्या बाबतीत वर्धा जिल्ह्याने साऱ्या देशाला कॉलर ताठ करून सांगावं. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. मग डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि मुलांनी सूतकताई, शेती, सुतारकाम अशा एखाद्या उद्योगातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकावं अशी नई तालीम निघाली. तिचं पुढे शाळाशाळांत जे झालं, त्याचं नाव कार्यानुभव. कार्यानुभवाच्या तासाला मी बहुधा गणिताचा राहिलेला भाग घ्यायचो. तपासायला मात्र आइस्क्रीमच्या काड्यांची घरं यायची. खांब, तुळई, उतरतं छप्पर, सगळं काडीचं आणि फेविकॉलचं. फार सुबक. बांधलेली आईने, फेविकॉल आणला बापाने आणि पोरगं टोक धरून बसलेलं. आता वाटतं, त्या पोरांना मी उगीच कमी मार्क दिले.

सेवाग्रामला गांधीजी 1936 मध्ये राहायला आले, तेव्हा घरासाठी त्यांची अट होती: खर्च शंभर रुपयांच्या आत आणि सामान जवळपासचं. माती, बांबू, लाकूड, कवेलू. मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांनी शंभर रुपयांवर विचार केला आणि म्हणाले, "मजुरी धरून?"

आता लाकडाविषयी. लाकूड तोडलं म्हणजे मेलं, ही आपली समजूत. विदर्भात राहणाऱ्याने ती बाळगू नये. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, पावसाळ्यात हवा ओली. दार वर्षभर आत-बाहेर श्वास घेत असतं. गंमत अशी की ते लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत फुगतं. म्हणून श्रावणात निम्मं तळेगाव दाराला खांदा लावून घरात शिरतं. मग उत्साही घरमालक रंधा मागून आणतो आणि अडणारी कड तासून टाकतो. दार लागतं. दिवाळीनंतर लाकूड सुकतं, आकसतं आणि कडेने बोटभर फट पडते. तिच्यातून डिसेंबरचा वारा येतो आणि शेजारी काय बोलतात तेही येतं. "श्रावणात रंधा मारू नये" हे मिस्त्री ज्या गांभीर्याने सांगतात, त्या गांभीर्याने श्रावणात कोणी मांसाहाराबद्दलही बोलत नाही. जुने सुतार फळीला फुगायला जागा ठेवत. दाराच्या मधल्या फळ्याही चौकटीच्या खाचेत सुट्या बसवलेल्या असत, डिंक न लावता. आपल्याला वाटायचं, डिंक वाचवला.

छप्पर हा मोठा विषय. तत्त्व सोपं: चौकोन ढकलला तर कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून कैची त्रिकोणी. वर आडं, त्यावरून दोन्हीकडे उतरणारे फाटे, त्यांवर आडव्या रिपा, रिपांवर कवेलू. पुस्तकात छपरावरचे भार दिलेले असतात: छपराचं स्वतःचं वजन, वारा, चढणाऱ्या माणसाचं वजन. वर्धा जिल्ह्यात चौथा भार असतो, वानर. लिंबाच्या फांदीवरून वानरांची टोळी एकामागून एक कवेलूंवर उडी घेते. पहिलं वानर कवेलू हलवतं, दुसरं फोडतं आणि तिसरं फुटलेल्या जागेतून आत डोकावून स्वयंपाकात काय आहे ते पाहतं. बजरंगबलीची जात, दगड मारवत नाही. नुसतं "हाड हाड" म्हणायचं, तेही जरा अदबीने. मिस्त्रींनी लिंबाकडची बाजू नीट पाहिली, फांदी कुठे येते ते बोटाने मापलं आणि तिथे फाटे जवळजवळ घेतले. अभियांत्रिकीच्या कुठल्या पुस्तकात हा गुणक असेल असं वाटत नाही. बहुतेक लोकांनी कवेलू काढून टिना टाकल्या, त्याचं एक कारण हेच. वानर टिनेवर उडी मारतं तेव्हा फुटत काही नाही, फक्त दुपारी झोपलेला माणूस उठून बसतो आणि भूकंप झाला का विचारतो.

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. तिकडे सगळं घरच लाकडाच्या सांगाड्याचं. व्हिडिओवर त्याने बांधकाम दाखवलं: सोळा-सोळा इंचांवर उभे दांडे, खिळ्यांची बंदूक, फट-फट-फट, दिवसभरात भिंती उभ्या. बाहेरून फळ्या, आतून जिप्समचे बोर्ड. मिस्त्रींनी फोन हातात घेऊन पूर्ण पाहिलं.

"सांधे कुठं हायेत?"

"सांधे नाहीत. खिळेच."

"म्हणजे खोका हाय."

भाच्याला हे सांगितलं नाही. तीस वर्षांचं कर्ज आहे बिचाऱ्यावर. पण एका गोष्टीने मिस्त्री खूष झाले. तिकडे त्या दांड्याला 'दोन बाय चार' म्हणतात आणि मोजला तर भरतो दीड बाय साडेतीन इंच. कारण नाव कच्च्या कापाचं, वाळवून आणि रंधून झाल्यावर उरतं ते एवढं. "म्हणजे आरामशीनवाले तिकडंई आपलेच हायेत," मिस्त्री म्हणाले आणि अमेरिकेबद्दल त्यांना पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

अवजारं विकत घेण्याचा मोह मला आवरला नाही. पुण्याच्या एका नातेवाइकाला सांगून रंध्याचं चांगलं पातं मागवलं. आमचं तळेगाव कंसातलं: तळेगाव, कंसात श्यामजी पंत. कंस गाळला की वस्तू दाभाड्यांच्या तळेगावी जाते, नाहीतर ढमढेऱ्यांच्या, फारच जवळ आली तर वर्धा जिल्ह्यातल्याच टालाटुल्यांच्या. पातं दाभाड्यांकडे गेलं. तिथल्या कोणीतरी गृहस्थाने फोन करून, "आमच्याकडे रंधा नाही, पातं ठेवू का?" असं विचारलं.

तोवर माझी बढती झाली होती. एक पाट करायचा होता, तो मिस्त्रींनी माझ्यावर सोडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी नातवाने नंदी मागितला होता. पण बैलाच्या चार पायांची उंची सारखी ठेवणं हे पुढच्या वर्गातलं काम, असं ठरलं. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यातले ते प्रचंड लाकडी नंदी आठवून मीही आग्रह धरला नाही. पाटाला एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. त्याच्यासाठी मला टोक धरायला माणूस लागला. मी आतल्या दिशेने हाक मारली. हिने पीठ मळत्या हातानेच येऊन फळी धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "बाक आहे."

काम संपलं. मिस्त्रींनी हिशेब प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने मांडला. कागद असताना सुतार लाकडावर का लिहितो, हे विचारायचं राहूनच गेलं. फाटे इतके, चौकट एक, रिपा, खिळे, मजुरी. खाली वेगळी ओळ: 'सरांनी मदत केली, अर्धा दिवस जास्त.'

"मिस्त्री, मदत मी केली आणि पैसे मीच द्यायचे?"

"मंग? तुमी मदत केली म्हणून तं येळ लागला ना जी."

मी घासाघीस करायला तोंड उघडणार, इतक्यात आतून आवाज आला, "मिस्त्री, कमी लावलं तुम्ही. पूर्ण दिवस लावा."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि आकडा दुरुस्त केला.